डुकरं पाळायचीत ना, मग आधी त्यांचं घर नीट बांधा

गेल्या वर्षभरात पंधरा-वीस जणांनी तरी मला विचारलं असेल की तुम्ही ते वराहपालन करता ना, आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं सांगा. दर वेळी मी फोनवर अर्धा तास बोलतो आणि शेवटी समोरचा विचारतो, "ते ठीक आहे, पण पिल्लं कुठे मिळतील?" म्हणजे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

आमचं घर इंदूरात, आजोबांच्या आधीपासून. घरात मराठी, बाहेर हिंदी, सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री पिठलं-भात, असा आपला कारभार. शेत सांवेरकडे आतल्या गावात, अडीच बिघे, काळी माती. डुकरं पाळणार म्हटल्यावर आईने आठवडाभर धड बोलणं टाकलं होतं आणि काका म्हणाले, "का रे, जगातल्या म्हशी संपल्या का?" आता सहा वर्षं झाली, ४ माद्या, १ नर आणि त्यांची पिल्लं एवढाच पसारा आहे आणि तो मुद्दाम एवढाच ठेवलाय. मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे डोस वगैरे मी लिहिणार नाही, ते डॉक्टरांनाच विचारा. बाकी जे हाताने केलंय आणि जिथे हात पोळलेत ते सगळं सांगतो.

जागा

शहराच्या हद्दीत हा विचारच करू नका. इंदूर आता साफसफाईसाठी नावाजलेलं शहर आहे, निगम म्हणजे महापालिका मोकळी डुकरं ठेवू देत नाही आणि ते बरोबरच आहे. गावात करायचं तरी पंचायतीला आधी सांगा, शेजाऱ्यांशी बोला, आणि शेड वस्तीपासून, विहिरीपासून आणि मोठ्या रस्त्यापासून लांब घ्या. वास येतो म्हणून नुसतं नाही. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो, म्हणून डुकरं आणि झोपायच्या खोल्या जितक्या लांब तितकं बरं आणि शेडभोवती डबकं साचू द्यायचं नाही. आणि दुसरी गोष्ट, जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात तिथे डुक्कर मोकळं फिरता कामा नये. माणसाच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, मांसात गाठी होतात, ते अर्धकच्चं मांस माणसाने खाल्लं की कृमी परत माणसात, आणि त्याची अंडी चुकून आपल्याच पोटात गेली तर गाठी मेंदूपर्यंत जातात, फिट्स येतात. मोकळं सोडून पाळायची जुनी पद्धत बंद करायला एवढं एकच कारण पुरे आहे.

शेड, आणि डुकराच्या मनात काय असतं

डुक्कर घाणीत राहतं असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. माझ्याकडची पहिली सहा पिल्लं आणली तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही सगळी एकाच कोपऱ्यात हगतात. दुसरीकडे कुठेही नाही. झोपायला कोरडी, आडोशाची, वारा न लागणारी जागा आणि हगायला ओली, उघडी, गार जागा, असं ते स्वतःच ठरवतं. आपण घर बांधताना ह्या त्याच्या हिशोबाने बांधलं तर रोज सकाळचं झाडणं वीस मिनिटांत होतं आणि उलटं बांधलं तर दिवसभर फावडं हातात.

मी उलटं बांधलं होतं. पाण्याचे निपल, म्हणजे डुकराने तोंडाने दाबलं की पाणी येतं त्या तोट्या, मी छपराखाली आतल्या भिंतीला लावले, का तर पाइप तिकडून जवळ पडत होता. मग काय, पाणी सांडून आतली जागा ओली, आतली ओली म्हणून ते आत हगणार आणि झोपायला बाहेर उन्हात. दोन महिने मी त्यांना शिव्या घातल्या, मग महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात एका डॉक्टरांना विचारायला गेलो तर ते हसून म्हणाले, "निपल बाहेर घ्या." घेतले. चार दिवसांत सगळं जागेवर आलं.

तर नियम असा, शेडचे दोन भाग. आतला भाग छपराखाली, झोपायला आणि खायला, आणि बाहेरचा भाग उघडा, भिंतीने बंद केलेला, तिथे पाणी आणि नाली. आतून बाहेर उतार, दर १० फुटाला ३ इंच तरी. याहून जास्त उतार दिला तर गाभण मादीचे पाय घसरतात. नाली उघड्या भागाच्या टोकाला, आणि ती झाकलेली नको, उघडीच ठेवा म्हणजे तुंबलेली दिसते.

जागा किती लागते ते भारतीय मानकात दिलेलं आहे, मी तेच धरतो. वाढत्या डुकराला छपराखाली ०.९ ते १.८ चौरस मीटर आणि तेवढीच उघडी. व्यायला आलेल्या मादीची खोली छपराखाली ७ ते ९ चौरस मीटर आणि पुढे ८.८ ते १२ उघडी. नराला आत ६ ते ७. फुटांत सांगायचं तर सहा पिल्लं मोठी करायला १० बाय ७ आत आणि १० बाय ७ बाहेर, आणि मादीला साधारण ८ बाय १० आत नि १० बाय १० बाहेर. सुरुवातीला लोक "अजून दोन मावतील की" म्हणतात, मावतात पण मग एकमेकांच्या शेपट्या चावायला लागतात.

आता आपल्या माळव्याची खास भानगड, काळी माती. ही पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि हिच्यावर सरळ काँक्रीट टाकलं तर दुसऱ्या वर्षी फरशी तडकते, तडकीत मूत मुरतं आणि ती जागा कितीही धुवा, वास आणि जंतू जात नाहीत. वरची काळी माती किमान दोन फूट काढून टाका, मुरूम भरा, थराथराने पाणी मारून ठोका आणि मग ४ इंच काँक्रीट. मिस्त्री म्हणेल "भिया, डुकरांसाठी कोण एवढं करतं?" त्याचं ऐकू नका. आणि फरशी घोटून गुळगुळीत करू देऊ नका, ओली असतानाच खराट्याने रेघा ओढायला लावा म्हणजे पाय धरतो.

भिंत ४ ते ५ फूट, खालची अडीच-तीन फूट विटांची, आतून सिमेंटने घोटलेली. डुक्कर नाकाने उकरतं, कच्ची वीट महिन्यात खाली आणतं. दार लोखंडी, खालची फट अगदी कमी, नाहीतर नाक घालून दार उचलून बिजागरीतून काढतं, चेष्टा नाही करत, माझ्या नराने दोनदा काढलंय.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम आणि उघडा भाग दक्षिणेला. हे मला सगळ्यात जास्त कामाचं वाटतं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे, त्यामुळे मे-जूनमध्ये सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर असतो, छपराखाली ऊन येतच नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा उन्हं सरळ आतपर्यंत येतात, फरशी वाळते, पिल्लं ऊन खात पडतात. छप्पर भिंतीबाहेर अडीच-तीन फूट काढा म्हणजे पावसाची झड आत येत नाही, तरी पावसाळ्यात तिरपाल लागतोच.

उन्हाळा

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. म्हैस पाण्यात बसते ते सगळ्यांना दिसतं, डुक्कर चिखलात लोळलं की आपण नाक मुरडतो, पण कारण तेच आहे. तापमान ३० अंशाच्या वर गेलं की ते खाणं कमी करतं, धापा टाकतं, गाभण मादी पिल्लं टाकू शकते आणि नराचं बीज पुढचे महिना-दीड महिना कमजोर राहतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४० च्या पुढे जातं. शब-ए-माळवा, माळव्याची गार रात्र वगैरे ठीक आहे, दुपारी दोन वाजता पत्र्याखाली उभं राहून बघा.

मी काय काय केलं, पत्रा १० फूट उंच घेतला, वरून चुन्याची पांढरी सफेदी आणि एप्रिल लागला की त्यावर पाचटाचा जाड थर. उघड्या भागावर हिरवी जाळी. दुपारी ११ ते ४ दर अर्ध्या-पाऊण तासाने पाइपने अंगावर पाणी, नुसतं ओलं करायचं आणि वाऱ्यावर सुकू द्यायचं, पंखा असेल तर उत्तमच. धापा टाकणाऱ्या डुकरावर एकदम बर्फाचं पाणी ओतू नका, शॉक बसतो. साधं पाणी, आधी पायावर, मग अंगावर.

पाण्याची टाकी सावलीत. हे कोणी सांगत नाही. काळी टाकी आणि काळा पाइप उन्हात असला की दुपारी निपलमधून येतं ते पाणी चहाला चालेल असं असतं, डुक्कर तोंड लावतं आणि सोडून देतं. आणि पाणी पिलं नाही तर खात नाही, दूध आटतं. वाढत्या डुकराला दिवसाला ५ ते १० लिटर लागतं, दूध पाजणाऱ्या मादीला २५-३० लिटरपर्यंत. पाणी तुटलं आणि खाण्यात मीठ आहे अशा वेळी डुक्कर भिंतीला डोकं लावून उभं राहतं, आंधळ्यासारखं चालतं, आकडी येते, त्याला मिठाची विषबाधा म्हणतात आणि तिचं मूळ बहुतेक वेळा मिठापेक्षा बंद पडलेल्या निपलमध्ये असतं. असं झालं तर पाणी एकदम भरभरून देऊ नका, थोडं थोडं द्या आणि डॉक्टर बोलवा. म्हणून रोज सकाळी प्रत्येक निपल हाताने दाबून बघायचा.

हिवाळ्याचं दोन ओळीत सांगतो. मोठ्यांना काही होत नाही, खाली गव्हाच्या भुश्याचा किंवा पाचटाचा थर आणि उत्तरेचा वारा अडवलेला, बस. पिल्लांचं वेगळं आहे, ते पुढे.

किती आणि कोणती

पहिल्याच फेरीत मादी आणि नर घेऊ नका. सहा पिल्लं घ्या, दोन महिन्यांची, दूध तुटलेली, खाऊ लागलेली, आणि ती मोठी करून विका. ह्या सहा-सात महिन्यांत तुमचं शेड, तुमचं पाणी, तुमची सकाळची झोप आणि तुमचा गिऱ्हाईक, सगळं कळतं. नाही जमलं तर नुकसान सहा डुकरांचं.

जातींमध्ये मोठी पांढरी यॉर्कशायर आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते, पिल्लं जास्त देते, पण कातडी गोरी, उन्हाने भाजते. लँडरेस लांब अंगाची, चांगली आई, पाय जरा नाजूक. ड्युरॉक लालसर, वाढीला जोरदार. छोट्या शेतकऱ्याने शुद्ध जातीच्या मागे न लागता क्रॉस घ्यावा असं माझं मत आहे, देशी रक्त असलेला क्रॉस आपलं ऊन आणि आपलं खाणं सहन करतो. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने लँडरेस आणि बंगालच्या घुंगरू जातीचा क्रॉस काढलाय, लँडली नावाचा, तो ह्याच विचाराने.

पिल्लू घेताना त्याची आई बघायला मागा. १२ किंवा जास्त सारखे सड, शांत स्वभाव, सरळ पाय. आई दाखवत नसेल तर पिल्लू घेऊ नका. बाजारातून, रस्त्यावरच्या गाडीतून तर नाहीच नाही. मी दुसऱ्या वर्षी स्वस्तात मिळाली म्हणून दोन पिल्लं अशीच आणली, सरळ बाकीच्यांत सोडली, आठव्या दिवशी एकाला हगवण, मग दुसऱ्याला, आणि महिनाभरात चौदापैकी पाच गेली. नवीन जनावर किमान ३० दिवस वेगळं, शक्यतो पन्नास-शंभर फूट लांब, त्याची बादली वेगळी आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. त्याच दिवसांत जंताचं औषध आणि लसी उरकून घ्यायच्या.

खाणं

डुकराच्या धंद्यात जाणाऱ्या पैशातला बहुतेक पैसा खाण्यात जातो, ढोबळ मानाने सत्तर टक्के धरा. आणि इथे आपण माळव्यातले लोक नशीबवान आहोत कारण सोयाबीन आपल्या दारात आहे, देशाची सोयाबीन संशोधन संस्थासुद्धा इंदूरलाच आहे.

पण एक चूक मी पण केली आणि गावातले बरेच करतात, घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये असा एक घटक असतो जो प्रथिनं पचू देत नाही, म्हणजे तुम्ही महाग प्रथिन घालताय आणि ते तसंच बाहेर पडतंय, वर पिल्लांना हगवण. भाजून किंवा शिजवून घातलं तर चालतं. सोपं म्हणजे तेल काढलेली सोयाची पेंड, म्हणजे सोया डीओसी घ्या, ती उष्णता दिलेलीच असते.

माझा १०० किलोचा हिशोब, वाढत्या डुकरांना (साधारण २० ते ५० किलो वजनाच्या) भरडलेला मका ५५, सोया डीओसी १८, चापड म्हणजे गव्हाचा कोंडा २४, मिनरल मिक्श्चर अडीच, मीठ अर्धा किलो. यात प्रथिन सोळा-सतरा टक्के बसतं. ५० किलोच्या वर गेली की मका ६०, डीओसी १० आणि चापड २७, बाकी तेच, प्रथिन चौदाच्या आसपास. दूध पिणाऱ्या पिल्लांच्या खाण्यात मात्र २० ते २२ टक्के लागतं, ते मी घरी करत नाही, बॅग आणतो, कारण पिल्लं खातात मूठभर आणि तिथे कंजुषी करून काही वाचत नाही.

मका पावसाळ्यात बघून घ्या. बुरशीचा वास आला, हिरवट-काळे दाणे दिसले तर "डुकरालाच तर घालायचाय" म्हणून स्वस्तात उचलू नका. बुरशीच्या विषाने यकृत जातं आणि गाभण माद्या पिल्लं टाकतात. गोण्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

भाजीपाला चालतो. चोइथराम मंडीतून पत्ताकोबी, भोपळा, फुटका बटाटा मिळतो, बटाटा हिरवा झालेला किंवा कोंब आलेला नको आणि घालायचा तर शिजवून. पण भाजीत असतं मुख्यतः पाणी, नुसत्या भाजीवर डुक्कर वाढत नाही, पोट मोठं आणि पाठ बारीक असं दिसतं.

हॉटेलचं उष्टं. ह्यावर लोक माझ्याशी भांडतात. इंदूरात तसंही ओला कचरा निगमच्या गाड्या उचलून देवगुराडियाच्या बायो सीएनजी प्लांटला नेतात, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हाच रोजची ५५० टनांची क्षमता होती, त्यामुळे उष्टं मिळणं अवघडच. तरी लग्नाच्या हॉलवरून, ढाब्यावरून कोणी देतंच. माझं स्पष्ट मत, घालू नका. त्यात कुठल्या मांसाचा तुकडा आहे तुम्हाला माहीत नसतं आणि डुकराचे सगळ्यात वाईट रोग तसेच येतात. घालणारच असाल तर पूर्ण उकळी फुटल्यावर हलवत हलवत ३० मिनिटं उकळायचं, आणि कच्च्याची बादली आणि उकळलेल्याची बादली एक असता कामा नये.

माज, गाभणपण, व्याणं

मादी ८ महिन्यांच्या आत नराला दाखवू नका, पहिला माज सोडा, दुसरा किंवा तिसरा धरा. माज दर २१ दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. मागचा भाग सुजून लाल होतो, खाणं कमी, दुसऱ्यांवर चढणं, विचित्र आवाज. खात्रीची खूण एकच, पाठीवर दोन्ही हातांनी जोर द्या, हललीच नाही, कान ताठ करून दगडासारखी उभी राहिली की वेळ झाली. त्या दिवशी एकदा आणि १२ ते २४ तासांनी परत एकदा. मादीला नराकडे न्यायचं, नराला मादीच्या खोलीत आणलं की तो नवीन जागा हुंगत बसतो, कामाचं विसरतो.

२१ दिवसांनी परत माज आला नाही तर गाभण धरा. कॅलेंडरवर लिहा. ११४ दिवस. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात, फार नाही.

गाभण असताना २ ते अडीच किलो खाणं पुरे. लाड करून मादी लठ्ठ केली की व्यायला त्रास आणि नंतर पिल्लांवर धपकन बसते. व्यायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध, एक आठवडा आधी साबणाने अंघोळ, खास करून सड आणि पोट, आणि धुऊन सुकवलेल्या वेगळ्या खोलीत हलवा.

ह्या खोलीत भिंतीच्या कडेने पाइप बसवलेला पाहिजे. फरशीपासून ८-१० इंच वर आणि भिंतीपासून ८-१० इंच आत, दोन इंची जाड पाइप. मादी भिंतीला टेकून घसरत खाली बसते आणि मागे अडकलेलं पिल्लू चिरडतं, हा पाइप असला की पिल्लाला पळायला फट राहते. माझ्या पहिल्या बाळंतपणात पाइप नव्हता, ९ पिल्लांतली ३ पहिल्या दोन रात्रींत गेली. पाइप बसवल्यावर पुढच्या खेपेला १० पैकी १.

सडातून दूध पिळून आलं की साधारण दिवसभरात व्याणार. मादी पाचट गोळा करून घरटं करते, करू द्या. पूर्ण व्याणं दोन ते चार तास चालतं, पिल्लू दर पंधरा-वीस मिनिटांनी. तुम्ही तिथे बसायचं, शांत, मोबाइल सायलेंट. नाक-तोंडाची चिकटी कोरड्या फडक्याने पुसायची, नाळ पोटापासून दोन इंचावर दोऱ्याने बांधून कापायची, टोकाला आयोडीन. मादी तासभर जोर करतेय आणि पिल्लू येत नाही तर हात घालायचा प्रयोग करू नका, डॉक्टर. १९६२ हा पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे, मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा, रात्री शोधत बसू नका. आणि रात्री गाडी मिळेलच असं धरू नका, म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबरसुद्धा.

पिल्लांचे पहिले पंधरा दिवस

पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेला पाहिजे. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, जे काही आहे ते चिकातून. दुबळ्या पिल्लाला तुम्ही हाताने सडाला लावा, पुढच्या सडांना दूध जास्त असतं तिथे लावा. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरतो, मग ते बदलत नाहीत.

पिल्लाला ३२ ते ३४ अंश उब लागते आणि आईला तेवढ्यात घामाघूम व्हायचं, म्हणजे घाम येत नाही म्हटलं ना मी, पण समजलं तुम्हाला. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात फळ्यांनी आडोसा, खालून फक्त पिल्लांना जाता येईल एवढी फट, आत बल्ब. थर्मामीटर नको, पिल्लंच सांगतात. एकमेकांवर ढीग करून झोपली तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. बल्बपासून लांब कडेकडेला पडली तर गरम होतंय, वर घ्या. पसरून एकमेकांशेजारी पडली की बरोबर. दर आठवड्याला दोन अंश कमी करत न्यायचं.

लोहाचं इंजेक्शन विसरलात तर बाकी सगळं केलेलं वाया. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात साधारण ५० मिलीग्रॅम लोह असतं, रोज लागतं ७ च्या आसपास आणि दुधातून मिळतं जेमतेम १. जंगलात मातीतून मिळतं, आपण सिमेंटवर ठेवलंय. म्हणजे आठवड्यात साठा संपला, पिल्लू पांढरं पडतं, धापा टाकतं आणि चांगलं गुबगुबीत दिसत असतानाच पटकन मरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानेत इंजेक्शन, काही डॉक्टर चौदाव्या दिवशी दुसरं देतात. सुईसारखे आठ दात असतात ते पहिल्या दिवशीच टोकाने कापून घ्या, आईचे सड फाटतात नाहीतर. नरांचं खच्चीकरण दोन ते चार आठवड्यांत, डॉक्टरांकडूनच.

दोन आठवड्यांपासून पिल्लांपुढे थोडं थोडं कोरडं खाणं ठेवा. आईला या काळात अडीच किलो अधिक प्रत्येक पिल्लामागे पाव किलो, म्हणजे १० पिल्लं असतील तर ५ किलो. दूध सहा ते आठ आठवड्यांत तोडायचं, आणि तोडताना आईला हलवा, पिल्लांना त्याच खोलीत राहू द्या, त्यांना एकाच दिवशी आई पण गेली आणि घर पण गेलं असं नको. आई चार ते सात दिवसांत परत माजावर येते.

आणि घरचीच मादी घरच्याच बापाला लावू नका. नर दर दोन वर्षांनी बदला, लांबच्या फार्मवरून. पिल्लं लहान आणि कमी यायला लागली की लोक खाण्याला दोष देतात, दोष बापाचा असतो.

रोग

आफ्रिकन स्वाइन फीवर. भारतात हा २०२० मध्ये आसाम-अरुणाचलकडे पहिल्यांदा सापडला आणि २०२२ मध्ये आपल्या मध्य प्रदेशात रीवाला आला, भोपाळच्या प्रयोगशाळेने पक्कं केलं. माणसाला होत नाही, पण डुकरांत झाला की जवळजवळ सगळी जातात. आपल्याकडे यावर लस नाही, औषध नाही. म्हणजे एकच उपाय, येऊ न देणं, आणि येतो तो बहुतेक वेळा आपल्याच बुटाला लागून, व्यापाऱ्याच्या गाडीतून, उष्ट्यातून किंवा कच्च्या मांसातून.

म्हणून शेडचे बूट वेगळे, दारातच काढायचे. दारात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचं घमेलं, रोज बदललेलं, आणि बूट आधी घासून धुऊन मग त्यात, शेण लागलेल्या बुटावर ब्लीचिंग काही करत नाही. व्यापारी कितीही ओळखीचा असो, शेडमध्ये नाही, वजन करायला डुक्कर बाहेर आणायचं. तो दिवसभर दहा फार्म फिरून आलेला असतो. माझ्याकडे एकाला राग आला होता, म्हणाला "मैं क्या बीमार हूँ?" मी चहा पाजला, आत सोडलं नाही. दुसऱ्याचा नर भाड्याने आणणं बंद. मोकळी गावडुकरं शिरणार नाहीत असं कुंपण.

दुसरा ताप म्हणजे साधा स्वाइन फीवर, त्याची लस आहे आणि ती चुकवू नका, पिल्लांना साधारण दोन महिन्यांच्या आसपास, पुढचं डॉक्टर सांगतील तसं. खुरकुताची लस वर्षातून दोनदा. आफ्रिकन आणि साधा, हे दोन्ही स्वाइन फीवर बाहेरून सारखेच दिसतात, १०५-१०६ डिग्री ताप, खाणं बंद, कान आणि पोट लाल-जांभळं, एकमेकांवर ढीग, आणि मरतुक. निरोगी डुकराचा ताप साधारण १०२ च्या आसपास असतो, हे आधी मोजून माहीत असू द्या. एकदम दोन-तीन आजारी दिसली तर दुकानातून अँटिबायोटिक आणून टोचत बसू नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा, नमुना भोपाळला जाईल. आणि आजारी डुकरं घाईने विकू नका. ती गाडी पुढच्या दहा गावांत रोग वाटत जाते. मेलेलं नाल्यात नाही, खोल खड्डा, वरून चुना, विहिरीपासून लांब.

बाकी रोजचं, खरूज आणि जंत. डुक्कर भिंतीला घासतंय, कानात खपली आहे, तर खरूज. डॉक्टर एक इंजेक्शन देतात ते जंतांवर पण चालतं, पण एकट्या डुकराला देऊन उपयोग नाही, सगळ्यांना एकाच दिवशी, आणि दोन आठवड्यांनी परत. औषध दिल्यावर किती दिवस विकायचं नाही तेही विचारून लिहून ठेवा.

विकताना

काटा नसला तरी टेपने वजन कळतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. म्हणजे घेर १ मीटर आणि लांबी १.१ असेल तर ७६ किलो. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण व्यापारी "साठचं असेल" म्हणतो तेव्हा तोंड बंद होतं. चांगली क्रॉस पिल्लं सात-आठ महिन्यांत ९० किलोच्या आसपास येतात. त्याच्या पुढे ठेवू नका, खाणं तेवढंच आणि अंगावर नुसती चरबी.

सबसिडीचं सगळे विचारतात. राष्ट्रीय पशुधन मिशनमध्ये १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, ३० लाखांपर्यंत अनुदान २०२१ पासून आहे. आपल्यासारख्या चार-पाच माद्यांच्या माणसाने त्याच्यासाठी शंभर माद्या बांधायला जाऊ नये असं मला वाटतं, निदान पहिली तीन वर्षं तरी.

आणि एक खेप विकून खोली रिकामी झाली की लगेच दुसरी भरू नका. आधी खरडून शेण काढा, मग साबणाच्या पाण्याने घासा, मग धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, सुकू द्या, भिंतींना चुना मारा आणि दोन आठवडे रिकामी ठेवा, दार उघडं, ऊन आत. मी सध्या तेच करतोय, ३ नंबरची खोली १८ तारखेपर्यंत बंद आहे, त्यामुळे तोपर्यंत पिल्लं कधी मिळतील विचारायला फोन करू नका.